नातीच्या अंगावरची पाच पांघरुणं

एकतीस वर्षं मी नागपूरच्या गांधीबागेच्या बाजारात, शेठच्या दुकानात ब्लँकेटं विकतो आहे. घडी हातावर ठेवली की डोळे मिटून वजन सांगतो, आणि पन्नास ग्रॅमच्या वर चुकत नाही. आमच्या धंद्यात माल किलोवर चालतो. दोन किलोचं, तीन किलोचं, डबल बेडचं साडेचार किलोचं. गिऱ्हाईक समोर बसलं की मी ब्लँकेट उलगडत नाही, घडी तशीच त्याच्या दोन्ही हातांवर ठेवतो. हात खाली गेले की गिऱ्हाईक आपलं झालं. "वजन पाहा," एवढंच म्हणायचं असतं. काटोल-नरखेडकडचे संत्र्याचे बागवाले असोत की शहरातल्या शाळेतल्या बाई, हात खाली गेले की सगळ्यांचे चेहरे सारखेच होतात. जड म्हणजे गरम आणि गरम म्हणजे चांगलं, हे मी इतक्या लोकांना सांगितलं की शेवटी मलाही ते खरं वाटायला लागलं.

हे आधी सांगतो याला कारण आहे. पुढे जे झालं ते कापडातलं काही न कळणाऱ्या माणसाच्या हातून झालं असतं, तर मी त्याला माफ केलं असतं.

मला नात झाली ती नोव्हेंबरच्या शेवटी. सुनेला आई नाही, ती लहान असतानाच गेली. त्यामुळे बाळंतपण माहेरी न होता आमच्याकडेच झालं. सून बँकेत काम करते, बोलते कमी आणि जे बोलते ते एकदाच. दवाखान्यातून घरी आल्या दिवशी तिने डॉक्टरांनी दिलेला एक कागद कपाटाच्या दारावर चिकटवला. बाळाला पाठीवर झोपवा. पाळण्यात उशी नको, खेळणी नकोत, सैल पांघरूण नको. घरात असताना डोकं झाकू नका. मी चष्मा लावून तो वाचला आणि मला हसूच आलं. डिसेंबरात नागपूरचा पारा दहाच्या खाली जातो, पहाटे नळाच्या पाण्याने बोटं वाकडी होतात, आणि इथे म्हणे पांघरूण नको! कागद लिहिणाऱ्याने एक रात्र आमच्या पत्र्याच्या खोलीत काढावी असं मी मोठ्याने म्हणालो. सुनेने ते ऐकलं.

दुसऱ्या दिवशी मी दुकानात निघालो तेव्हा ती दारापर्यंत आली.

"बाबा, तुम्हाले कापडातलं समजते," ती म्हणाली. "बाळासाठी एक पातळ सुती पांघरूण आणाल काय? ज्याच्यातून हवा जाईल असं. लहानच पाहिजे. छातीपर्यंत घातलं की कडा गादीखाली खोचता आल्या पाहिजेत."

मला बरं वाटलं. कापडातलं समजतं असं घरात मला कुणी म्हणत नाही. संध्याकाळी मी दुकानातलं सगळ्यात भारी बेबी ब्लँकेट घेऊन आलो. गुलाबी मिंक, म्हणजे मऊ केसाळ कापड, बोट फिरवलं की केस एका बाजूला वळतील असं. वर टोपी, टोपीला अस्वलाचे दोन कान, कडेला सॅटिनची पट्टी. वजन अकराशे ग्रॅम. मी ते सुनेच्या हातांवर ठेवलं, अगदी गिऱ्हाइकाच्या ठेवतो तसंच, आणि तिचा चेहरा पाहत राहिलो. हात खाली गेले. चेहराही पडला.

"हे जड आहे, बाबा."

"जड आहे म्हणूनच तर आणलं, बेटा."

तिने त्याची घडी केली आणि कपाटात, त्याच कागदामागे, ठेवून दिली. मला राग आला. ज्याचं करावं भलं तो म्हणतो माझंच खरं, असं मी स्वयंपाकघरात जाऊन बायकोला ऐकवलं. बायको भाकरी थापत होती. तिने मान वर केली नाही.

"तुमी दुकानदारच राह्यले," ती म्हणाली. "तिनं पांघरूण मांगतलं, तुमी माल आणला."

नामकरण सव्वा महिन्याने, जानेवारीच्या पहिल्या रविवारी ठेवलं. त्या आठवड्यात थंडीची लाट होती. सकाळी भन्तेजी आले, त्रिशरण-पंचशील झालं, नाव ठेवलं, पाळणा हलला, सगळं शिस्तीत पार पडलं. मग पुढच्या खोलीत जेवणाच्या पंगती बसायला लागल्या आणि बायका बाळाला पाहायला येऊ लागल्या.

आता आमच्या घरची एक रीत सांगितली पाहिजे. बाळासाठी जी पांघरूण आणते तिने ते आपल्या हाताने बाळाच्या अंगावर घालायचं, आणि ती घरात आहे तोवर ते काढायचं नाही. देणारीसमोर पांघरूण काढलं तर तिची माया झिडकारली असं होतं. ही रीत कुणी सुरू केली ते माहीत नाही. उन्हाळ्यात जन्मलेल्या लेकराला लोक झबली आणतात, टोपडी आणतात, त्यात काही बिघडत नाही. पण माझी नात ऐन थंडीतली. जो तो पांघरूणच घेऊन आलेला.

सून सकाळपासून बसलेली होती. दीडच्या सुमारास बायकोने तिला जेवायला आत बोलावलं. तिने बाळाला पाजलं, पाठीवर थोपटलं, पाळण्यात ठेवलं आणि पाळण्याशेजारच्या खुर्चीत बसलेल्या मला म्हणाली, "बाबा, दहा मिनिटात येते. वरून काही घालू देऊ नका कोणाले."

"जेव तू पोटभर. मी आहे ना," मी म्हणालो.

ते शब्द आजही कानात तसेच आहेत. मी आहे ना.

पहिली आली शेजारीण. तिने स्वतः विणलेली लोकरीची लहान शाल आणली होती. हलकी होती, मी काही म्हणालो नाही. मग सुनेची मावशी आली, फ्लीसचं निळं ब्लँकेट घेऊन. सुनेच्या माहेरचं एकच तर माणूस, तिला नाही कसं म्हणायचं? मग माझ्या बायकोची वहिनी. तिची कापसाची छोटी रजई. घरचं झालं थोडं आणि व्याह्याने धाडलं घोडं, असं मनात आलं आणि मी स्वतःशी हसलोही. त्यावेळी मला हसू येत होतं हे आता लिहितानाही खरं वाटत नाही.

चौथी माझी मोठी बहीण. ताई माझ्याहून अकरा वर्षांनी मोठी, काटोलला असते. आई दुसऱ्यांच्या शेतात कापूस वेचायला जायची, तेव्हा ताईनेच मला कडेवर वाढवलं. सकाळच्या पहिल्या एस.टी.ने ती आली होती, एका पिशवीत संत्री आणि दुसऱ्या पिशवीत गोधडी. स्वतःच्या जुन्या सुती लुगड्यांची, सात पदरी, बारीक टाक्यांची. तिचे डोळे आता अधू झालेत, तरी टाका एका रेषेत. तिने ती गोधडी नातीच्या अंगावर घातली, कडा नीट केल्या आणि माझ्याकडे पाहून म्हणाली, "अन् आजोबानं काय आणलं गा? सारी दुनिया पांघरते त्याच्या दुकानातलं. नातीले काहीच नाही काय?"

खोलीत हसणं झालं. कुणीतरी म्हणालं, आजोबांचं येऊ द्या की. मी उठलो. कपाट उघडलं. कागद दारावर होता, तो मला दिसला. दिसला नाही असं म्हणण्याची सोय नाही. मी गुलाबी मिंक काढलं आणि ताईच्या हातांवर ठेवलं.

"वजन पाय," मी म्हणालो.

ताईचे हात खाली गेले. तिने कौतुकाने मान हलवली. मग मी ते पाचवं पांघरूण माझ्या हाताने नातीच्या अंगावर घातलं. टोपी तिच्या डोक्यामागे सरकवली, अस्वलाचे कान वर काढले. आणि घालताना, सवयच आहे, खालच्या चार घड्यांवर हात दाबून माझ्या डोक्यात आकडा आला. पाचांचे मिळून साडेतीन किलोच्या वर. तीन सातशे असेल. हा आकडा माझ्या डोक्यात आला, मी तो ऐकला, आणि जाऊन खुर्चीत बसलो. कारण ताई समोर होती, मावशी समोर होती, वहिनी समोर होती. कुणाचं पांघरूण आधी काढायचं?

"कशी शांत निजली पाय," ताई म्हणाली.

"नशीब लागते असं लेकरू मिळायले," मावशी म्हणाली. "आमची पोरं तर पाहुणे आले का घर डोक्यावर घेत."

सगळ्या नातीच्या शांतपणाचं कौतुक करत होत्या. मीही करत होतो. मी संत्रं सोलून ताईला फोडी देत होतो.

सून आतून आली ती ओल्या हातांनीच. तिने पाळण्याकडे पाहिलं. तिथे बाळ दिसत नव्हतंच, गुलाबी मिंकचा एक ढीग दिसत होता. ती ओरडली नाही. तिने मिंक ओढून जमिनीवर फेकलं, मग गोधडी, मग रजई, मग निळं ब्लँकेट, मग शाल. मिंकची टोपी पुढे घसरून बाळाच्या नाकावर आली होती. नातीचं तोंड लालबुंद, जावळ कपाळाला चिकटलेलं, झबलं घामाने पिळून काढावं इतकं ओलं. सुनेने तिचा हात उचलला आणि सोडला. तो पडला.

मी अनेक मेलेली माणसं पाहिली आहेत, वडील माझ्या मांडीवर गेले. पण त्या पडलेल्या हातासारखं मी काही पाहिलेलं नाही. मला त्या क्षणी काय वाटलं असं लोक विचारतात. काहीच वाटलं नाही. माझ्या हातात संत्र्याची फोड होती आणि ती कुठे ठेवायची हे मला कळेना.

सुनेने बाळाच्या तळपायावर बोटाने टिचक्या मारल्या. एक, दोन, तीन. तिसरीला नातीचं तोंड वाकडं झालं, आणि एक बारीक, थकलेला आवाज निघाला. मग पुन्हा एक. मग ती रडली.

बाहेर माझा मुलगा भन्तेजींना सोडायला गेला होता, गाडी नव्हती. मी अनवाणी रस्त्यावर धावलो आणि ऑटो थांबवला. सून बाळाला ओढणीत घेऊन बसली. मी शेजारी बसलो, तेवढ्यात ताई धावत आली आणि तिने पाचही पांघरुणं गुंडाळून माझ्या मांडीवर कोंबली. "बाहेर थंडी हाये गा," ती रडत म्हणाली. ऑटो निघाला. सून सारखी बाळाच्या तोंडाशी कान नेत होती, आणि मी ते बोचकं छातीशी धरून बसलो होतो.

दवाखाना दहा मिनिटांवर. रविवार असूनही डॉक्टरीण बाई वरच्या मजल्यावर राहतात म्हणून भेटल्या. त्यांनी ताप पाहिला, छाती ऐकली, डोळ्यांत बॅटरी मारली. नात आता चांगली जोरात रडत होती. डॉक्टरांनी सुनेला तिथेच पाजायला सांगितलं, आणि बाळ दूध ओढायला लागलं तेव्हा मी भिंतीला टेकलो.

"काय झालं होतं?" डॉक्टरांनी विचारलं.

मी सांगितलं. पाच पांघरुणं, टोपी, नाकावर. माझा आवाज मलाच परका वाटत होता.

दूध पिऊन झाल्यावर नर्सने बाळाला काट्यावर ठेवलं. तीन किलो दोनशे. मग डॉक्टरांची नजर मी छातीशी धरलेल्या बोचक्यावर गेली. "तेही ठेवा," त्या म्हणाल्या.

मी ते काट्यावर ठेवलं. आकडे पळाले आणि थांबले. तीन किलो सातशे चाळीस.

आपलं बाळ आपल्याच पांघरुणांपेक्षा अर्धा किलोने हलकं होतं, आणि पांघरुणांचा आकडा मी एकतीस वर्षांच्या अनुभवाने पाळण्याशीच ओळखला होता. फक्त दुसरा काटा, बाळाचा, मी मनात लावला नव्हता.

"तुमचं वजन किती?" डॉक्टरांनी विचारलं.

"अडुसष्ट."

"तुमच्या अंगावर ऐंशी किलोचं काही टाकलं तर?"

ऐंशी किलोची गठाण आमच्या दुकानात दोन हमाल उचलतात. मी मान खाली घातली.

"तुम्ही ढकलाल, ओरडाल," त्या म्हणाल्या. "ह्या वयात बाळ ढकलू शकत नाही. फार तापलं की रडतही नाही, गळून शांत पडतं. लोकांना वाटतं छान झोपलं." मग त्यांनी आवाज खाली आणला, बहुतेक माझं तोंड पाहून. बाळाचे हातपाय गार लागले म्हणजे त्याला थंडी वाजते असं नसतं, त्यांनी सांगितलं. मानेच्या मागे किंवा छातीवर हात लावून पाहायचं. तिथे कोमट असेल तर ठीक, घाम असेल तर एक कपडा कमी करायचा. आपल्याला जेवढे कपडे लागतात त्याच्यापेक्षा एखादाच थर जास्त, आणि तो अंगात घालायचा, वरून टाकायचा नाही. पांघरूण हवंच असेल तर पातळ सुती, काखेच्या खाली, कडा खोचलेल्या. बाई नवीन काही सांगत नव्हत्या. हे सगळं कपाटाच्या दारावर सव्वा महिना लावलेलं होतं, आणि मी ते वाचून हसलो होतो.

"अजून थोडा वेळ गेला असता तर..." असं म्हणून डॉक्टर थांबल्या.

घरी पाहुणे तसेच बसून होते. बाळ ठीक आहे कळल्यावर बायका पुन्हा रडल्या, मग चहा झाला, मग सगळे आपापल्या वाटेने गेले. मुलगा माझ्यावर ओरडला, चांगला ओरडला, आणि मला ते ऐकून बरं वाटलं. सून मात्र ओरडली नाही. तिने पाळणा पुढच्या खोलीतून आपल्या खोलीत नेला.

त्या दिवसापासून ती दिवसा झोपेना. बाळंतीण बाई, रात्री चार-चारदा उठणारी. डोळ्यांखाली काळं पडलं. आंघोळीला जायची तर बाळाला बायकोच्या हातात देऊन दार अर्धं उघडं ठेवायची. मी घेतो म्हटलं की म्हणायची, "राहू द्या, बाबा." आवाजात राग नसायचा. राग असता तर मी समजूत काढली असती, तो माझा धंदाच आहे. तिचा माझ्यावरचा भरवसा गेला होता, आणि तो परत कसा आणायचा हे मला कोणत्याही दुकानाने शिकवलेलं नव्हतं.

मी दुकानात एक वेडेपणा केला. दुपारी गिऱ्हाईक नसताना गादीवर उताणा झोपलो आणि बेबी मिंक स्वतःच्या तोंडावर टाकून श्वास घेऊ लागलो. चार-पाच श्वास गेले, मग माझाच गरम श्वास परत माझ्या तोंडात यायला लागला. पुढे छाती जोर करायला लागली आणि मी ते फेकलं. एकतीस वर्षं मी हे लोकांच्या लेकरांसाठी विकलं आणि एकदाही स्वतःच्या तोंडावर टाकून पाहिलं नाही. मग फ्लीस टाकून पाहिलं, मग दोन पदरी मिंक, मग लोकर. शेठ गल्ल्यावरून पाहत होते. त्यांनी विचारलं, "तब्येत ठीक आहे ना?" मी म्हणालो ठीक नाही.

शेवटी मी मलमल टाकली. दोन पदरी, सैल विणीची, तीनदा धुतलेली. तिच्यातून मला समोरच्या ट्यूबलाइटचा उजेड दिसत होता आणि श्वास सुखाने येत-जात होता. वजन दीडशे ग्रॅम. असलं कापड माझ्या हातांना कधी मोलाचं वाटलं नव्हतं, कारण ते हातांवर ठेवलं तर हात खाली जात नाहीत. मी लहान मापाचे दोन तुकडे शिवून घेतले, झालर नको, नाडी नको, काही लोंबायला नको, असं शिंप्याला चारदा बजावलं, आणि घरी आणले. सुनेने एक तुकडा घेतला आणि आधी स्वतःच्या तोंडावर धरून श्वास घेतला. मग मान हलवली. त्या दिवसापासून तेच पांघरूण, छातीपर्यंत, कडा खोचून.

मला वाटलं आता ती झोपेल. एका दुपारी मी धीर करून म्हणालो, "बेटा, मी आता बाळाच्या अंगावर काही घालणार नाही. पाळणा माझ्याजवळ दे, तू झोप तासभर."

तिने माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही घालणार नाही, हे मले माहीत आहे, बाबा," ती म्हणाली. "पण कोणी घालायले आलं तर तुम्ही त्याले नाही म्हणाल काय?"

मला तोंडात मारल्यासारखं झालं. कारण हेच खरं होतं, आणि ते तिने त्या दिवशीच ओळखलं होतं. मिंक ही माझी चूक नव्हतीच, किंवा ती लहान चूक होती. शाल घातली तेव्हा मी बसून होतो, ब्लँकेट घातलं तेव्हा बसून होतो, रजई घातली तेव्हा बसून होतो. आकडा डोक्यात आला तेव्हाही बसलो. जन्मभर मी गिऱ्हाइकाला 'नाही' म्हटलेलं नाही, आणि घरीही कधी म्हटलं नाही. माणसाचं मन मोडू नये असं मी स्वतःला सांगत आलो. त्या दुपारी चार जणींची मनं सांभाळता सांभाळता मी नात घालवून बसलो असतो.

हो म्हणणं फार सोपं होतं, म्हणून म्हणालो नाही.

संक्रांतीनंतर ताई आली. न कळवता, भर दुपारी, पिशवीत नवी गोधडी घेऊन. सून स्वयंपाकघरात भात वाढून घेत होती. बाळ नुकतंच पाजलेलं, पाळणा दाराजवळ उन्हाच्या कवडशात. मी सुटीवर होतो, जवळच बसलो होतो.

"पाचच पदर केले या वक्ती," ताई म्हणाली. "तुह्या त्या केसाळ ब्लँकेटनं घात केला. माह्या लुगड्यानं काही होत नाही. सुती हाये."

त्यात अर्धं खरं होतं, म्हणूनच ते अवघड होतं. ती गोधडी उलगडत पाळण्याकडे निघाली. मी उठलो आणि मधे उभा राहिलो.

"ताई, तिच्या अंगावर नको."

तिला आधी कळलंच नाही. ती बाजूने जायला लागली. मी पाळण्याची दांडी धरली.

"काहून गा? मले आडवतो?"

"हो."

"सव्वा महिन्याच्या लेकरावर सारे टाकत होते तवा तू बसून होता. अन् आज मलेच आडवतो?"

"तवा बसून होतो म्हणूनच आज आडवतो, ताई."

तिचे अधू डोळे भरून आले. "तुले याच लुगड्याखाली निजवलं मी," ती म्हणाली. "पावसात, थंडीत. माय वावरात असे. मेला काय तू?"

एकदा वाटलं, जाऊ दे, दोन मिनिटं घालू द्यावी, ती गेली की काढू. ते नेहमीचं वाटणं, गोड आणि सोपं. पाळण्यात नात हाताची मूठ हलवत होती.

"नाही, ताई," मी म्हणालो. "माझ्या अंगावर घाल. हिच्या नाही."

तिने गोधडीची घडी केली. चार कोपरे जुळवून, सावकाश. पिशवीत भरली. बायको चहा घेऊन आली तर तिने कपाला हात लावला नाही. ज्या बाईने मला हाताने भरवलं ती माझ्या घरातून पाणीही न पिता उठली. बायको तिच्या मागोमाग धावली आणि तिला स्टँडवर सोडायला गेली. मी दारापर्यंतही गेलो नाही, कारण पाळणा माझ्याजवळ होता. आपण हे केलं यावर माझाच विश्वास बसत नव्हता.

सून स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. किती वेळची, माहीत नाही. हातातल्या ताटातला भात तसाच होता. ती आली, मलमल नातीच्या काखेखालून सारखी केली, मानेच्या मागे बोटं लावून पाहिली.

"मी जराशी पडते, बाबा," ती म्हणाली, आणि आत गेली. पाळणा तिथेच ठेवून.

मी खुर्ची ओढून बसलो. अर्ध्या तासाने नात उठली आणि रडायला लागली, चांगली टाहो फोडून. मी तिला खांद्यावर घेतलं आणि खोलीत फेऱ्या मारू लागलो. आतलं दार उघडंच होतं. आवाज आत जात होता, आणि मी वाट पाहत होतो की आता सून धावत येईल, बाळ माझ्याकडून घेईल. खाट करकरली. सून कुशीवर वळली, आणि पुन्हा झोपली.